फतेगंजच्या गेटवर फॉर्म मिळत नाही

परीक्षा संपल्या की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "फतेगंजच्या ई.एम.ई. स्कूलमध्ये ॲडमिशन कसं मिळतं हो?" तिथलं ॲल्युमिनियमच्या घुमटाचं दक्षिणामूर्ती मंदिर लहानपणापासून पाहिलेलं, सैन्याची यंत्रसामग्री दुरुस्त करायला तिथे शिकवतात हे ऐकलेलं, कलाभवनात, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलला प्रवेशही झालेला. मग गेटवर जाऊन फॉर्म आणला की झालं, असं वाटतं. एका काकांनी तर मुलाचा बायोडेटा पहाऱ्यावरच्या जवानाच्या हातात दिला होता. त्याने तो अदबीने परत केला.

ही शाळा सैन्यात आधीच असलेल्यांसाठी आहे. ई.एम.ई. म्हणजे कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, सैन्याचं देखभाल-दुरुस्तीचं दल. १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापना दिवस, साल १९४३. गाडी, तोफ किंवा रणगाडा बंद पडला की शक्यतो जिथे पडला त्याच्या जवळच दुरुस्त करायचा, ही त्यांची रीत. युनिटसोबतच्या छोट्या तुकडीला जमलं नाही तर फील्ड वर्कशॉप, आणि पूर्ण उघडून नव्याने बांधायचं काम असेल तर बेस वर्कशॉप. पुण्याजवळ खडकीला असलेलं ५१२ क्रमांकाचं वर्कशॉप हे त्यातलंच एक. तेव्हा क्रम असा: आधी सैन्यात निवड, मग दल, मग शाळा. अर्ज joinindianarmy या नावाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा, आणि तो स्वतःच भरायचा.

इंजिनिअरिंगची पदवी असेल किंवा शेवटचं वर्ष चालू असेल तर दोन वाटा. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, म्हणजे टी.जी.सी., अविवाहित मुलांसाठी. वय २० ते २७, प्रशिक्षण डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, आणि नोकरी कायम. जागा मात्र अलीकडच्या जाहिरातींत तीसच्या आसपास, तीही सगळ्या शाखा मिळून. दुसरी वाट शॉर्ट सर्व्हिस कमिशन टेक्निकल. वयाची अट तीच, मुलींनाही खुली, सेवा दहा वर्षं आणि पुढे चार वाढवता येतात. माझ्या मते बहुतेकांनी ही दुसरी वाट धरावी. जागा कितीतरी जास्त असतात, आणि टी.जी.सी.चं कटऑफ पाहून निराश झालेली मुलं हिच्याकडे बघतच नाहीत. दोन्हींत लेखी परीक्षा नाही. पदवीच्या टक्क्यांवरून शाखावार यादी लागते आणि थेट मुलाखतीला बोलावणं येतं. मेकॅनिकल आहे म्हणून ई.एम.ई. मिळेलच असं नाही. इंजिनिअर्स किंवा सिग्नल्स (संदेशवहन) हे दलही वाट्याला येऊ शकतं.

बारावी सायन्सवाल्यांसाठी टेक्निकल एंट्री स्कीम आहे. भौतिक, रसायन आणि गणितात मिळून ६० टक्के, जे.ई.ई. मेन दिलेली, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. अभियांत्रिकीची तीन वर्षं पुणे, महू किंवा सिकंदराबादला आणि शेवटचं एक वर्ष डेहराडूनला.

अधिकारी व्हायचं नसेल आणि हातात पाना धरून काम करायचं असेल, तर अग्निवीर टेक्निकल. विज्ञान शाखेतून बारावीला एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात. ठरावीक ट्रेडची दोन वर्षांची आय.टी.आय. किंवा डिप्लोमा केलेल्यांना दहावीवरही संधी आहे. ऑनलाइन परीक्षा, मग भरती मेळावा. आमचा जिल्हा अहमदाबादच्या भरती कार्यालयाकडे येतो. परीक्षा गुजरातीत आणि मराठीतही देता येते. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होतात, हे घरात आधी बोलून घ्या.

आता कागदपत्रं. खरी अडचण इथेच येते, आणि आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत जरा जास्तच.

अर्जात तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे अगदी तशीच हवी. गुजरात बोर्ड आडनाव आधी छापतं. आधारवर तेच आडनाव शेवटी येतं. शिवाय वडिलांच्या नावामागे कुठे 'भाई' चिकटलेलं, कुठे 'राव', कुठे काहीच नाही. माझ्या भाच्याच्या गुणपत्रिकेवर वडील 'सुरेशभाई', आधारवर 'सुरेश', आणि कॉलेजच्या दाखल्यावर कुणीतरी 'सुरेशराव' टंकलेलं. तिन्ही माणसं एकच, आणि ते सिद्ध करायला आम्ही दोन महिने खेटे घातले. म्हणून अर्ज दहावीप्रमाणे भरायचा आणि आधार त्याला जुळवून घ्यायचं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईत तिसरंच काही लिहून बसू नका.

जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला चालत नाही, आजीने जपून ठेवलेली पत्रिका तर नाहीच. दहावीचं प्रमाणपत्रच लागतं. सोबत बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आणि कॉलेज सी.जी.पी.ए. देत असेल तर त्याचे टक्के कसे काढायचे याचं पत्र. हे पत्र अर्ज निघण्याआधीच मागून ठेवा, कारण सुट्टीत कार्यालयात सही करणारं कुणी नसतं. शेवटच्या वर्षाला असाल तर तसं प्राचार्यांचं प्रमाणपत्र हवं. निकाल प्रशिक्षण सुरू होण्याआधी लागलेला हवा, आणि प्रत्यक्ष पदवी प्रमाणपत्र प्रशिक्षण सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांत जमा करावं लागतं. अर्जाची मुदत संपल्यावर रोल नंबर असलेली प्रिंट निघते, तिच्या दोन प्रती काढा. एक सही करून बरोबर न्यायची, एक घरी.

अधिकारीपदाची मुलाखत पाच दिवसांची असते, भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू किंवा जालंधरला. पहिल्या दिवशी चाळणी लागते: बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र पाहून गोष्ट लिहायची आणि ती गटात बोलायची. अनेक जण त्याच संध्याकाळी बॅग उचलतात. राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत. पुढे लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी. कानातला मळ आणि किडलेली दाढ यांचा बंदोबस्त बडोद्यातच करून जा. डेहराडूनला जाणाऱ्याला २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत पळता यायला हवं, शिवाय चाळीस जोर आणि सहा पुलअप्स. कमाटीबागेत सकाळच्या दोन फेऱ्या मारून एवढं होत नाही.

त्या त्या प्रकारच्या मुलाखतीला पहिल्यांदाच जात असाल तर थ्री टायर ए.सी.चं जाण्यायेण्याचं भाडं परत मिळतं. तिकीट मोबाइलवर आहे म्हणून बिनधास्त राहू नका, छापील प्रत फाइलमध्ये ठेवा.