रानातली स्ट्रॉबेरी आणि बागेतली स्ट्रॉबेरी

"रानातली बारीक स्ट्रॉबेरी माणसाने बागेत आणली, खतपाणी घातलं, मोठी फळं निवडत गेला आणि आजची टपोरी स्ट्रॉबेरी तयार झाली." हे वाक्य एकाचं पाहून दुसरा लिहितो, आणि ते साफ चूक आहे.

बागेतली सगळ्यांच्या ओळखीची. रानातली म्हणजे शास्त्रीय नावाने फ्रागारिया व्हेस्का. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत जंगलांच्या कडेने उगवते, फळ नखाएवढं.

मध्ययुगात युरोपातले लोक हिलाच बागेत लावत. पिढ्यान्‌पिढ्या निगा राखली गेली, तरी फळ बारीकच राहिलं. शेळीला कितीही चारा घातला तरी तिची गाय होत नाही. रानातलीच्या पेशीत १४ गुणसूत्रं, म्हणजे दोन संच; बागेतलीच्या पेशीत ५६, म्हणजे आठ. म्हणूनच दोघींचा संकरही सहजासहजी होत नाही. त्या आठांतले काही संच रानातलीच्या घराण्यातून आलेत हे खरं, पण तो मेळ लाखो वर्षांपूर्वी निसर्गातच झाला. त्यात माळ्याचा हात नाही.

बागेतलीचे आईबाप दोघेही अमेरिकेतले. एक चिलीची, मोठ्या फळाची. तिथले मूळ रहिवासी, मापुचे नावाच्या जमातीचे लोक, ती पूर्वापार लावत आले होते. दुसरी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची व्हर्जिनियाना, फळ लहान पण सुवासिक; ती सतराव्या शतकातच युरोपात पोचली होती. चिलीची रोपं फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली फ्रान्सला आणली. त्याने भरघोस फळं धरलेली झाडं निवडली, आणि नेमकी ती सगळी मादी निघाली. परागच नाही, तर फळ कुठून धरणार? पुढे फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात व्हर्जिनियानाच्या शेजारी लावल्यावर फळं धरली, आणि असल्या शेजारातून पडलेल्या बियांतून नवी जात उगवली. तिचे आईबाप कोण हे १७६६ साली द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखलं, तेव्हा तो विशीतही नव्हता. आज बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक स्ट्रॉबेरी या संकराच्या वंशातली. म्हणून पंधराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत दिसणारी स्ट्रॉबेरी "आपलीच, फक्त लहान" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

फळ हातात घेतलं की फरक कळतो. रानातलीचे दाणे सालीवर उठून दिसतात, पिकल्यावर हिरवी पाकळी मागे वळते, फळ देठापासून अलगद सुटतं आणि आत गर पांढरट असतो. बागेतलीचे दाणे बहुधा खळग्यांत बसलेले. (हे दाणेच वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी फळं, पण ते दोघींनाही लागू आहे.)

चवीचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे: वासात बागेतली रानातलीच्या जवळपासही येत नाही. मात्र रानातली तोडल्यावर टिकत नाही, तिथल्या तिथे खावी.

लावायची असेल तर बागेतलीच्या फळातले दाणे पेरून आईसारखं झाड येईल अशी आशा धरू नका. प्रत्येक रोप वेगळं निघतं. तिची धावती फांदी, म्हणजे जमिनीवर सरपटत जाणारी, रुजवा. बीच पेरायचं असेल तर रानातलीचा, अशा धावत्या फांद्या नसलेला, आल्प्समधला प्रकार घ्या, तो बियांपासून जसाच्या तसा येतो.