पाच सेकंदांची उसंत

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "काका, मी जरा अँटीसोशलच आहे हो, मला गर्दी सोसत नाही." त्याच आठवड्यात एका वाहिनीवर, नुकत्याच पकडलेल्या आरोपीचा फोटो मोठा करून 'हे डोळे बघा, सायकोपॅथचे डोळे' असं चाललं होतं. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे माणसांवर भलते शिक्के बसतात, म्हणून हा लेख.

गर्दी टाळणारा माणूस बुजरा असेल, एकलकोंडा असेल. मनोविकारशास्त्रातलं 'अँटीसोशल' म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, ही वेगळीच गोष्ट. हा विकार असलेली माणसं पुष्कळदा चांगली बोलघेवडी असतात. लोकांत मिसळायला त्यांना जड जात नाही, पण समोरच्याचा हक्क, पैसा, जीव यांची त्यांना पर्वा नसते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत याची सात लक्षणं दिली आहेत: वारंवार कायदा मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, मारामारीपर्यंत जाणारा चिडकेपणा, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या सुरक्षिततेची बेफिकिरी, कायमचा बेजबाबदारपणा आणि केल्याचा पश्चात्ताप नसणं. यांतली किमान तीन हवीत, आणि तीही एखाद्या प्रसंगापुरती नव्हेत, तर १५व्या वर्षापासून सतत दिसलेली. माणूस १८ वर्षांचा झालेला हवा. शिवाय १५च्या आधीही वर्तनविकाराच्या खुणा असल्या पाहिजेत. म्हणजे डोळ्यांत बघून काही कळत नाही. डॉक्टरला शाळेतल्या तक्रारी, घरच्यांचं म्हणणं, जुनी कागदपत्रं असं सगळं आयुष्य वाचावं लागतं.

बालपणाची अट कुठून आली? अमेरिकेच्या सेंट लुइस शहरातल्या एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी ३० वर्षांनी माग काढला आणि १९६६मध्ये निष्कर्ष मांडले. समाजविघातक ठरलेली मोठी माणसं जवळपास सगळी लहानपणीही तशीच होती. पण तशा वागणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून कमीच पुढे तशी झाली. हे दुसरं वाक्य आपल्याकडे घरोघरी सांगायला हवं. मूल मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणून आईबापाच्या मुळावर येत नाही, आणि शाळेत मारामाऱ्या करतं म्हणून त्याचं भविष्यही ठरून जात नाही. अशा मुलाला अंगारा लावत बसण्यापेक्षा त्याच्याशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण पालकांनीच घेतलं, तर फरक पडतो.

आता निदानातली गोची. १२ देशांतल्या सुमारे २३,००० कैद्यांवरच्या सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा २००२मध्ये आला. त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांना हा विकार असल्याचं दिसलं. पण कायदा मोडणं हेच लक्षण धरलं, तर तुरुंगात तो ढिगानं सापडणारच! कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी या आढाव्याच्या कितीतरी आधीच वेगळी तपासणी-यादी तयार केली होती. तीत २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण; ४०पैकी ३० किंवा जास्त आले, तर सायकोपथी. तीत वरवरचा गोडवा, उथळ भावना, निगरगट्टपणा यांनाही वजन आहे. हेअरच्या यादीत बसणाऱ्या बहुतेकांना समाजविघातक विकार असतोच, उलट मात्र तसं नाही. वाहिन्या ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

माझा जीव अडकला आहे तो १९८७च्या एका पत्त्यांच्या खेळात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे मानसशास्त्रज्ञ जोसेफ न्यूमन आणि सहकाऱ्यांनी हेअरच्या यादीनं निवडलेल्या कैद्यांना पडद्यासमोर बसवलं. एकेक पान उघडायचं. चित्राचं पान आलं तर पैसे मिळणार, आकड्याचं आलं तर तेवढेच जाणार. थांबायचं कधी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकूण १०० पानं, पण रचना खुबीची: पहिल्या १०पैकी ९ पानं जिंकायची, पुढच्या १०पैकी ८, मग ७, असं उतरत शेवटच्या १०त एकही नाही. हिशेब मांडून बघा. ५० पानांपर्यंत ३५ जिंकलेली, १५ हरलेली, म्हणजे २० पानांचा नफा. पुढे खेळत राहिलात, तर शंभराव्या पानाला ४५ जिंकलेली आणि ५५ हरलेली, म्हणजे १० पानांचा तोटा. शहाण्यानं मध्यावर उठावं.

इतर कैदी वेळेवर उठले. सायकोपथी असलेले मात्र हरत असूनही खेळत राहिले. मग प्रयोगकर्त्यांनी एक बदल केला: आतापर्यंतच्या जिंकण्या-हरण्याची नोंद पडद्यावर ठेवली आणि प्रत्येक पानानंतर पाच सेकंद पुढचं पान उघडूच दिलं नाही. एवढ्यानं सायकोपथी असलेलेही इतरांसारखे वेळेत थांबले!

ही माणसं मुळात भीतीशून्य असतील, शिक्षा त्यांना जाणवतच नसेल, तर पाच सेकंदांनी काय होणार होतं? न्यूमन यांचं म्हणणं असं की, बिघाड लक्ष वळवण्यात आहे. एकदा बक्षिसाकडे मोहरा वळला, की कडेनं येणारी धोक्याची सूचना मेंदू आत घेत नाही. घोड्याला झापड लावल्यासारखं. सक्तीची उसंत मिळाली, की ती सूचना पोचते. २०१५मध्ये हिंसक गुन्हेगारांच्या मेंदूचं एफएमआरआय चित्रण झालं, त्यातही असाच प्रसंग योजला होता: आधी बक्षीस देणारा पर्याय अचानक शिक्षा देऊ लागतो. त्या क्षणी सायकोपथी असलेल्यांच्या पोस्टेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि इन्सुला या भागांचा प्रतिसाद वेगळा होता. समाजविघातक विकार आहे पण सायकोपथी नाही, अशा गुन्हेगारांत तो तसा नव्हता. म्हणून सरसकट एकच शिक्का मारणं विज्ञानाला धरून नाही.

औषधांचं म्हणाल, तर खुद्द या विकारासाठी सरसकट औषधं देऊ नयेत, असं ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २००९ची मार्गदर्शिका सांगते; तिचा भर गटात करायच्या वर्तन-उपचारांवर आहे. न्यूमन यांच्या गटानं पुढे कैद्यांना सहा आठवडे संगणकावर सराव दिला: काहींना लक्ष वळवण्याचा, काहींना भावनांच्या भरात स्वतःला आवरण्याचा. ज्यांना आपल्या बिघाडाशी जुळणारा सराव मिळाला, ते त्या चाचण्यांत सुधारले. न जुळणारा मिळाला, ते होते तिथेच राहिले.