क्लॅरिनेट हाताला बसत नाही? चाव्या बदलून घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला क्लॅरिनेट घेऊन येणारे बरेच जण पहिलं वाक्य हेच बोलतात, "माझीच बोटं आखूड आहेत हो". तसं अजिबात नाहीये. आज जे क्लॅरिनेट बहुतेक ठिकाणी चालतं, सतरा चाव्या आणि भोकांभोवती सहा रिंगांचं, त्याची मांडणी पॅरिसमध्ये क्लोझे हे वादक आणि ब्यूफे हे कारागीर या दोघांनी १८३९ ते १८४३ च्या सुमाराला बसवली आणि थोड्याफार फरकाने ती अजून तशीच आहे. आता पाचवीतली मुलगी असो नाहीतर बँडमध्ये तीस वर्षं वाजवणारे काका, सगळ्यांनी त्याच अंतरावर बोटं ताणायची. भोकं आम्ही हलवू शकत नाही, भोक हललं की सूर हलला, पण चावी म्हणजे शेवटी धातूची पट्टी, ती वाकवता येते, लांबवता येते, वर उचलता येते.

सगळ्यात आधी अंगठा

तक्रार कुठल्याही बोटाची असली तरी आम्ही आधी उजवा अंगठा बघतो. क्लॅरिनेटचं वजन पाऊण किलोच्या आसपास आणि ते जवळजवळ सगळं त्या एका अंगठ्यावर, म्हणजे मागच्या बाजूला अंगठा टेकायला जो आकडा असतो त्या थम्ब रेस्टवर. अंगठा दमला की बाकीची बोटं त्याच्या मदतीला धावतात आणि मग भलतीकडेच दुखायला लागतं.

मागच्या वर्षी एक मुलगी आईबरोबर आली होती, तक्रार अशी की सूर मधेच फुटतो, मधेच चढतो, पॅड, म्हणजे चावीखालच्या भोक झाकणाऱ्या गाद्या, बदलून द्या. पॅड सगळे ठीक होते. तिला वाजवायला बसवलं तेव्हा दिसलं की उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं मूळ ती बाजूच्या ट्रिलच्या (दोन सूर भराभर आलटून पालटून वाजवायच्या) चावीखाली घुसवतेय आणि वाद्य त्याच्यावर तोलतेय, कारण थम्ब रेस्ट तिच्या हातासाठी खूप खाली होता. दमलं की चावी उचकटायची आणि सूर जायचा. तिची आई म्हणाली की ती बाजूची चावी आतल्या बाजूला वाकवून द्या. आम्ही चावीला हातच लावला नाही, थम्ब रेस्ट वर घेतला, इतका की अंगठा पहिल्या आणि मधल्या बोटाच्या बरोबर समोर आला, गळ्यात अडकवायचा पट्टा दिला आणि काम झालं. तुमच्या थम्ब रेस्टला स्क्रू असेल आणि तो वरखाली सरकत असेल तर हे तुम्ही घरीच करून बघा, फुकट आहे. स्क्रू नसेल तर आम्ही नवीन बसवून देतो, पण तिथे लाकडाची भिंत साधारण सहा मिलिमीटरच असते, स्क्रूचं भोक आत बोअरपर्यंत, म्हणजे हवेच्या पोकळ नळीपर्यंत, गेलं तर वाद्य गेलंच, म्हणून हे काम घरच्या ड्रिल मशीनवर कृपा करून करू नका.

बोट कुठे पडतं ते आधी बघायचं

चावी नेमकी किती हलवायची हे तोंडी सांगून कळत नाही. आम्ही बोटांना खडूची पावडर लावतो आणि तुम्हाला नेहमीचं काहीतरी वाजवायला सांगतो, स्केल नको, जे रोज वाजवता ते. दहा मिनिटांनी चाव्यांवर पांढरे ठसे दिसतात. करंगळी चावीच्या कडेला नुसती खरवडत असेल तर ठसा चंद्रकोरीसारखा अर्धवट उमटतो, तेवढ्यावरून कळतं की दोन मिलिमीटर पाहिजे की पाच. लोकांना हे पोरखेळ वाटतं पण आमची सगळी मापं यातूनच निघतात.

मग लगेच धातूवर जायचं नाही. कॉर्कचा तुकडा किंवा इपॉक्सी पुट्टीचा छोटा उंचवटा चावीवर चिकटवून देतो, तो घेऊन तुम्ही दोन-तीन आठवडे वाजवा. चिकटवायच्या आधी स्पिरिटने चावी पुसावीच लागते, घामाच्या तेलकटपणावर काही चिकटत नाही, आणि पावसाळ्यात तर रात्रभर सुकू द्यावं लागतं. डाव्या करंगळीच्या तीन चाव्या, वाद्याच्या वरच्या टोकाजवळच्या ए आणि ए फ्लॅट या सुरांच्या चाव्या, यांच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यातच मिटतात, आणि पुढे वाद्य विकायचं झालं तर कॉर्क सोलून काढला की चावी जशीच्या तशी.

धातूचं काम

चांगल्या क्लॅरिनेटच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नाही, तांबं, निकेल आणि जस्त. हा धातू थंडच वाकवता येतो, हळूहळू, लाकडी ठोकळ्यावर धरून. पण स्वस्तातल्या काही वाद्यांना जस्ताच्या ओतीव चाव्या असतात, त्या वाकत नाहीत, तुटतात. मी नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या समोरच अशी एक चावी माझ्या हातात मोडली, डाव्या करंगळीचीच, आणि तशी दुसरी मिळेना म्हणून घडवून द्यावी लागली, त्या माणसाची एक अख्खी लग्नसराई दुसऱ्याच्या वाद्यावर गेली. तेव्हापासून आधी धातू तपासतो, आणि ओतीव असेल तर वाकवणार नाही असं स्पष्ट सांगतो, कितीही आग्रह केला तरी.

चावी लांबवायची असेल तर जर्मन सिल्व्हरची पट्टी कापून चांदीचा डाग देतो. त्याला इतकी आच लागते की आजूबाजूचं पाणी, म्हणजे वरचा मुलामा, जळतं, म्हणून त्या चावीला परत निकेलचं किंवा चांदीचं पाणी द्यावं लागतं आणि त्याचा वेळ वेगळा. कथलाचा डाग कमी आचेवर होतो आणि पाणी जळत नाही, पण जिथे करंगळी रोज हजार वेळा आपटणार तिथे तो टिकत नाही असं आमचं मत आहे.

वाकवण्यापेक्षा नंतरचं जुळवणंच जास्त किचकट असतं. वाद्याच्या खालच्या तुकड्यावर, जॉइंटवर, कावळ्याच्या पायासारखा एक छोटा फाटा असतो, सगळ्यात खालचा ई हा सूर काढताना त्याच्यामुळे दोन पॅड एकाच क्षणी बंद होतात. करंगळीची चावी एक केस जरी हलली तरी एक पॅड आधी बसतो, दुसरा उघडाच राहतो, मग खालचे सूर येतच नाहीत आणि वादक बिचारा रीड (तोंडाशी थरथरणारी पातळ पट्टी) बदलत बसतो. आम्ही सिगरेटच्या कागदाच्या दोन बारीक पट्ट्या दोन्ही पॅडखाली ठेवून चावी दाबतो आणि ओढून बघतो, दोन्ही सारख्याच अडल्या पाहिजेत. म्हणून सांगतो की पकडीने घरी चावी वाकवू नका, आणि वाकवलीच असेल तर लपवू नका, आम्ही रागावत नाही.

नुसत्या स्प्रिंगा हलक्या केल्या तरी बोटांना खूप आराम पडतो, विशेषतः वयस्कर वादकांना. फार हलक्या मात्र करत नाही, पॅड नीट बसत नाही आणि चावी टकटक वाजते.

बँडवाल्यांसाठी

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये जुन्या तेरा चाव्यांची वाद्यं अजून आहेत आणि ती आम्ही आवडीने करतो. त्यातल्या बऱ्याच वाद्यांना उजव्या करंगळीच्या दोन चाव्यांमध्ये रोलर असतात, करंगळी उचलायची नाही, घसरवायची. हे रोलर वर्षानुवर्षं घाम आणि धुळीने जाम झालेले असतात. ते काढून साफ करून तेल दिलं की अर्धी तक्रार तिथेच जाते.

एका बँडमधल्या काकांची उजवी करंगळी कारखान्यातल्या प्रेसमध्ये पहिल्या पेरापासून गेलेली होती, आणि चार वर्षं ते खालचे सूर टाळून, गाणं बदलून वाजवत होते. त्यांच्या चाव्या आम्ही आधी पुट्टीने वाढवल्या, तीन वेळा आकार बदलला, शेवटी पट्टी जोडली, टोकाला थोडी खोलगट केली कारण पेराचा शेंडा गुळगुळीत असतो, घसरतो. पहिल्यांदा खालचा ई नीट लागला तेव्हा ते तो एकच सूर धरून बसले, श्वास संपेपर्यंत. असं काम असेल तर संकोच करू नका, बोट कसंही असू दे, या.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, चावी नंतर. आणि बोट बारीक असल्यामुळे भोकच झाकलं जात नसेल तर चावी वाकवून काही होणार नाही, आधी हाताची ठेवण बघू, नाहीतर भोकांवर झाकणं असलेलं क्लॅरिनेट मिळतं, त्याबद्दल समोरासमोर बोलू.

लग्नसराई तोंडावर आल्यावर नका येऊ, धातूचं काम असेल तर महिनाभर हाताशी ठेवा. येताना स्वतःचा माउथपीस आणि दोन-तीन रीड आणा, वाद्य नुसतं ठेवून जाऊ नका, तास-दीड तास बसून वाजवावं लागेल. दर काम बघून आधी सांगतो. आणि काढलेली प्रत्येक जुनी चावी, स्क्रू, थम्ब रेस्ट पुडीत बांधून परत देतो, ती पुडी वाद्याच्या पेटीतच ठेवा.