पद्मिनीचा पंखा बदलावा का?

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही जपणाऱ्यांना मार्च-एप्रिलमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "तो जुना पंखा काढा, इलेक्ट्रिक बसवा, गाडी तापणार नाही." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी थंड करणारी जाळी. तिच्यामागचा मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिन जसं फिरेल तसा फिरतो. दुसऱ्या गिअरमध्ये खंडाळ्याचा घाट चढताना समोरून वारा जेमतेम लागतो, पण इंजिन जोरात फिरत असतं आणि त्याच्याबरोबर पंखाही. तिथे तो चोख काम करतो. पुढे एखादा ट्रक बंद पडून रांग लागली, की इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर येतं, पंखा मंदावतो आणि तापमानाचा काटा चढू लागतो. जुने ड्रायव्हर उभ्या गाडीलाही न्यूट्रलमध्ये थोडी रेस देत राहायचे, ते यासाठीच. त्याने पंखा आणि वॉटर पंप दोन्हींना वेग येतो.

मोकळ्या रस्त्यावर नेमकं उलटं होतं. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आपसूक मिळतो, तरी पंखा फिरतच राहतो. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 800 वरून 4000 फेऱ्यांवर गेलात तर हवा पाचपट आणि शक्ती सव्वाशेपट! पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाला हा भार जाणवतो.

इलेक्ट्रिक पंखा हवा तेव्हाच फिरतो, तोही पूर्ण वेगाने, इंजिन कितीही मंद चालत असो. पण त्याला 10 ते 15 अँपिअर वीज कुठून आणणार? जुन्या गाड्यांच्या डायनामोची (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) क्षमता साधारण 20-25 अँपिअर, आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, तो जवळपास काहीच देत नाही. 45 वॉटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात, वर वायपर आणि इग्निशन. पावसात, रात्री, ट्रॅफिकमध्ये सगळा बोजा बॅटरीवर येतो. म्हणून डायनामोच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी अल्टरनेटर (मंद इंजिनावरही वीज देणारा, डायनामोच्या जागी बसणारा जनित्र), मग पंखा. आणि पंख्याला स्वतंत्र रिले (मोठा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) व फ्यूज हवाच.

त्याआधी रेडिएटर उघडून पाहा. जाळीत वर्षानुवर्षांचा गाळ साचला असेल, तर कोणताही पंखा गाडी वाचवणार नाही. रेडिएटर साफ केल्यावर, पट्टा ताणल्यावर आणि पंख्याभोवती नीट श्राउड (सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं कडं) बसवल्यावर कित्येक गाड्या मूळ पंख्यावरच थंड राहतात. ज्यांची गाडी फक्त रविवारी सकाळी बाहेर निघते, त्यांनी एवढ्यावर थांबावं.

रोज शहरात चालवायची असेल, तर मात्र इलेक्ट्रिक पंखा जरूर घ्या. तो शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवला तर धावत्या गाडीचा वारा अडतो. बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये अशा पंख्याची मोटर उलटीही फिरू शकते. जोडणी झाल्यावर पंखा चालू करून पुढच्या ग्रिलसमोर कागद धरा. कागद आत ओढला जाऊन जाळीला चिकटला पाहिजे.