केसी जोन्स : दगडावर एक साल, बायबलमध्ये दुसरं

अमेरिकेत, टेनेसीतल्या जॅक्सनमध्ये, माउंट कॅल्व्हरी दफनभूमीत, एका गाण्यामुळे गाजलेला रेल्वे ड्रायव्हर केसी जोन्स याच्या कबरीवरच्या दगडावर जन्मसाल कोरलंय १८६४. ते चुकीचं आहे. त्याच्या आईने घरच्या बायबलमध्ये पेन्सिलीने केलेली नोंद १८६३ सांगते. दगड बसला १९४७ मध्ये, तो गेल्यावर ४७ वर्षांनी, आणि तोही बाहेरगावच्या दोन रेल्वेवेड्यांनी दिलेला. तोवर तिथे साधा लाकडी क्रूस होता. त्याची बायको जेनी तेव्हा हयात होती, हे विशेष. पण कोरलेल्या अक्षरांचा दरारा असतो. पेन्सिलीच्या नोंदीकडे कोण बघतो?

खरं नाव जॉन ल्यूथर जोन्स. केंटकीतल्या केसी गावात वाढला म्हणून ‘केसी’. गावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र टोपणनावापेक्षा वेगळं. देवनागरीत ही भानगड आपोआप मिटते.

३० एप्रिल १९०० ला, मध्यरात्र उलटल्यावर, इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीची १ नंबरची पॅसेंजर त्याने मेम्फिसहून १२:५० ला काढली, ९५ मिनिटं लेट. जायचं होतं मिसिसिपीतल्या कँटनला. इंजिन ३८२, फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा) सिम वेब. वाटेतल्या व्हॉन स्टेशनला पोचेपर्यंत त्याने जवळजवळ सगळा उशीर भरून काढला होता. तिथे सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, ७२ आणि ८३ नंबरच्या दोन मालगाड्या उभ्या होत्या, पण दोन्ही मिळून त्या मावेनात. त्यांची पुढे-मागे कसरत चालू असताना ७२ नंबरच्या गाडीचा हवेचा होजपाइप फुटला, तिचे ब्रेक आवळले गेले, आणि ८३ च्या शेपटीचे चार डबे मेन लाइनवरच अडकले. पहाटे ३:५२ ला इंजिन गार्डच्या डब्यात घुसलं, मग गवताच्या डब्यातून, मग मक्याच्या, आणि लाकडाच्या डब्यात अर्ध्यावर थांबलं. केसीने वेबला उडी मारायला लावली, स्वतः ब्रेक सोडला नाही. मेला तो एकटाच.

इथवर फारसा वाद नाही. वाद आहे दोष कुणाचा यावर. कंपनीच्या जुलै १९०० च्या अहवालाने ठपका सरळ ड्रायव्हरवर ठेवला : झेंडीवाला न्यूबेरीने इशारे दिले होते, ते जोन्सने पाळले नाहीत. त्या अहवालात वेबचीही साक्ष आहे, रुळावर लावलेला इशाऱ्याचा फटाका ऐकला आणि दिवे घेतलेला माणूस दिसला, अशी. हाच वेब पुढे म्हातारपणी सांगू लागला की फटाका नाही, झेंडीवाला नाही, काहीच नव्हतं. कुणाचं धरायचं? अहवाल लिहिणाऱ्या कंपनीला इशाऱ्यांची व्यवस्था चोख होती हे दाखवणं सोयीचं होतं, आणि वेबला आपल्या ड्रायव्हरची अब्रू राखायची असणार. माझ्या मते दोन्ही जबाब तारखांसकट शेजारी शेजारी मांडावेत. एक निवडून दुसरा गाळणं म्हणजे चरित्रकाराने न्यायाधीश होणं.

सगळ्यात जास्त घोळ घातला गाण्याने. पहिलं गाणं कँटनच्या शेडमध्ये इंजिनं पुसणाऱ्या वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णीय कामगाराचं. ते तोंडोतोंडी फिरत रंगभूमीवर पोचलं आणि १९०९ मध्ये साइबर्ट आणि न्यूटन यांच्या नावाने वेगळ्याच रूपात छापलं गेलं. त्यात केसीची गाडी मिसिसिपी सोडून पश्चिमेकडे धावते, आणि चाकांची मांडणीही बदलते. ३८२ तर दहा चाकी होतं, पुढे चार आणि त्यामागे सहा मोठी. गाण्यात असं चालायचंच, एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण शेवटच्या कडव्यात त्याची बायको मुलांना सांगते की रडू नका, सॉल्ट लेकच्या लाइनवर तुमचा दुसरा बाप आहे.

जेनीशी लग्न करता यावं म्हणून केसीने १८८६ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता. त्याच्यामागे तिने दुसरं लग्न केलं नाही. त्या एका ओळीशी ती आयुष्यभर भांडत राहिली. १९५८ मध्ये, ९२ व्या वर्षी ती गेली, तोवर तिच्या अंगावर काळे कपडेच असत.