गायीच्या रक्तातली साखर येते कुठून? किटोसिसमागची जुनी गोष्ट

गाय व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेंड सोडते, कडबा मात्र चघळते, दूध एकदम तुटतं, तोंडाला गोडसर वास येतो. हाच तो किटोसिस. ज्यांच्या गोठ्यात जास्त दुधाची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आहे त्यांना हे सांगायला नको. डॉक्टर येऊन डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजचीच, बाटली लावतात, गाय जरा तरतरीत होते आणि एक-दोन दिवसांत बऱ्याचदा परत तेच. असं का होतं हे कळायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागलीत.

आपण भाकरी खाल्ली की आतड्यातून ग्लुकोज थेट रक्तात जातं, गायीचं तसं नाही. तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू चाऱ्यातली साखर, स्टार्च सगळं आधी स्वतःच फस्त करतात आणि बदल्यात ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं देतात. ही आम्लं तयार होतात हे आधीपासून माहीत होतं, पण ती कोटीपोटाच्या भिंतीतूनच भरपूर प्रमाणात रक्तात जातात हे १९४४ मध्ये केंब्रिजच्या बारक्रॉफ्ट, मॅकॅनली आणि फिलिप्सन यांनी दाखवलं. माझ्या मते या विषयातला खरा टर्निंग पॉइंट हाच. म्हणजे गाय आपलं जवळपास सगळं ग्लुकोज यकृतात स्वतः बनवते, मुख्यतः प्रोपिऑनिकपासून. नुसत्या दुधावरच्या वासराची रक्तशर्करा आपल्यासारखी, १०० मिलि रक्तात १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, ते चारा खायला लागलं, कोटीपोट चालू झालं की ती उतरत जाते, मोठ्या निरोगी गायीत ५०-६० सुद्धा नॉर्मल.

मग हे ग्लुकोज जातं कुठे? १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डेव्हिसला क्लायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन लावलेलं ग्लुकोज दुभत्या गायींना देऊन त्याचा माग काढला, त्यातला मोठा वाटा कासेत, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज बनवायला जात होता. कास इन्सुलिनची वाट बघत नाही, शरीर उपाशी असलं तरी ती ओढत राहते. दुधाच्या एका लिटरला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज धरतात, म्हणजे २० लिटरच्या गायीला दिवसाला जवळपास १४४० ग्रॅम. आणि ५०० मिलि, ५० टक्क्यांच्या बाटलीत असतं २५० ग्रॅम! ते काही तासांत संपतं, लघवीतून जातं ते वेगळंच.

व्याल्यानंतर भूक मागे आणि दूध पुढे, म्हणून गाय अंगावरची चरबी वितळवते. ती यकृतात आली की नीट जळत नाही, अर्धवट जळून कीटोन नावाची द्रव्यं बनतात, त्यावरूनच किटोसिस. का जळत नाही यावर खूप वाद झाले, क्रेब्स सायकल (पेशीत अन्न जाळून ऊर्जा काढणारं चक्र) शोधणाऱ्या क्रेब्स यांनीही १९६६ मध्ये गायीच्या किटोसिसवर लिहिलं, म्हणणं असं की चरबी जाळायला लागणारं ऑक्झॅलोॲसिटेट ग्लुकोज बनवण्यातच ओढलं जातं.

उपचारही तसेच बदलत गेले. १९५० च्या आसपास स्टेरॉइड आलं, त्याने रक्तातली साखर वाढते, पण थोडं दूध कमी होतं म्हणूनही वाढते. १९५४ पासून प्रोपिलीन ग्लायकॉल पाजणं सुरू झालं आणि ते टिकलं, कारण ते थेट किंवा प्रोपिऑनिकच्या रूपाने यकृतात जाऊन तिथे ग्लुकोज बनतं.

आपल्याकडे हा आजार जास्त दिसायला लागला तो संकरित गाय आल्यावर. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ ही संस्था उभी केली, संकर गावोगाव पोचला, दूध वाढलं. खिलार बिचारी वासरापुरतं दूध देते, तिची कास तिला एवढी ओढत नाही. आणि गायीला गोड हवं म्हणून आपण गूळ चारतो, मनापासून चारतो, पण तो गूळही आधी कोटीपोटातल्या जंतूंच्याच तोंडी जातो आणि त्याचं बरंचसं ब्युटिरिक होतं, ज्यातून कीटोनच बनतात.