बोटामागे फिरणारे डोळे : ईएमडीआरवरचं संशोधन कुठून कुठे आलं

दादरच्या एखाद्या समुपदेशकाच्या खोलीत हे आज पाहायला मिळू शकतं. दोन खुर्च्या, थोड्या तिरक्या. समुपदेशक दोन बोटं डावीकडून उजवीकडे हलवते, समोरची बाई मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्यांचा माग घेते आणि मनात तो नकोसा प्रसंग धरून ठेवते. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की हात थांबतो. 'श्वास घ्या. आता काय जाणवतंय?'

ही ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग), म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने त्रासदायक आठवणींची धार कमी करणारी मानसोपचाराची पद्धत. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात एका बागेत फिरताना मानसशास्त्राच्या अभ्यासक फ्रान्सीन शपिरो यांना वाटलं की डोळे भिरभिरले तशी मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी झाली. १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास छापला, फक्त २२ जणांवरचा. त्यात व्हिएतनाममधून परतलेले सैनिक होते, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती होत्या. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात रेंगाळणारा त्रास, या निदानाला अमेरिकेत अधिकृत जागा मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

नव्वदच्या दशकातले शोधनिबंध एकाच प्रश्नाभोवती घुटमळतात : याने खरंच बरं वाटतं का? थेरपिस्टही शपिरो आणि मोजणाऱ्याही शपिरोच, हा पहिल्या अभ्यासावरचा आक्षेप रास्तच होता. त्यातूनच पुढचे अभ्यास जास्त काटेकोर झाले.

मग प्रश्न बदलला. गुण येतो हे दिसू लागलं, पण तो डोळ्यांमुळे येतो का? २००१ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासून डेव्हिडसन आणि पार्कर यांनी सांगितलं, डोळ्यांच्या हालचालींनी वेगळी भर पडत नाही. २०१३ मध्ये ली आणि कॉयपर्स यांचा निष्कर्ष उलटा निघाला : भर पडते. आज जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण साधं आहे. चालू क्षणी मन थोडंच पेलू शकतं. आठवण आणि बोट दोन्ही सांभाळताना आठवणीचा रंग फिका पडतो. त्याच २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी ही पद्धत सुचवली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा टप्पा : एका वेळी अनेकांना कसं सावरायचं? मेक्सिकोत वादळातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना १९९८ च्या सुमारास 'फुलपाखरू मिठी' निघाली. डोळे हलवण्याऐवजी हात छातीवर एकमेकांवरून घ्यायचे आणि स्वतःलाच आळीपाळीने थोपटायचं. करोनात ऑनलाइन सत्रांवरही लिहिलं जाऊ लागलं.

मुंबईला हा टप्पा जवळचा आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या, शहराच्या हिमतीचं कौतुक झालं. गाडीत चढला म्हणजे माणूस सावरला, असं आपण धरून चाललो. ते चूक होतं.

ईएमडीआरमध्ये त्रास ० ते १० मध्ये मोजतात आणि तो शरीरात कुठे जाणवतो तेही विचारतात. आकडा सांगताना आपली माणसं अडखळतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर लगेच येतं : 'पोटात गोळा येतो', 'छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं'. मराठीतून होणाऱ्या संशोधनाने सुरुवात इथून करावी.